अपडेट केलं की वायफाय जातं: लिनक्सवरच्या छोट्या लॅपटॉपसाठी समस्या निवारण

"ताई, वायफाय पुन्हा गेलं ना जी. काल त चालू होतं."

दीड वर्षात हे मी सात वेळा ऐकलं. सात हा आकडा अंदाजाचा नाही, वहीत नोंदी आहेत. त्या वहीचं महत्त्व पुढे कळेलच.

घाटंजी तालुक्यातल्या आमच्या गावात 'ड' वर्गाचं सार्वजनिक वाचनालय आहे आणि त्याच्या मागच्या खोलीत अभ्यासिका. पोलीस भरती, तलाठी, वनरक्षक अशा परीक्षांची तयारी करणारी पोरं-पोरी तिथे बसतात. त्यांच्यासाठी एक दहा इंची लॅपटॉप आहे, कुणीतरी वाचनालयाला दिलेला. इंटेल ॲटम एन४५० प्रोसेसर, दोन जीबी रॅम. विंडोज त्याला झेपेना, म्हणून मी डेबियन १२ (लिनक्सचाच एक प्रकार) टाकलं आणि डेस्कटॉप हलका, एक्सएफसीई नावाचा ठेवला. मशीन तेव्हापासून नीट चालतं. फक्त मधूनच वायफाय नाहीसं होतं, आणि ते फॉर्मच्या शेवटच्या तारखेला झालं की पोरांचे चेहरे पाहवत नाहीत. तालुक्याला जायचं तर एसटीची वाट पाहण्यात अर्धा दिवस जातो. कापूस वेचाईच्या दिवसांत एखाद्या पोरीची तेवढी मजुरी बुडते. म्हणून मला हे "बंद कर, चालू कर" करून सोडून द्यायचं नव्हतं.

एक आधीच सांगते. टर्मिनलमधल्या, म्हणजे टाइप करून काम सांगायच्या खिडकीतल्या, आज्ञा मी इथे उच्चारानुसार देवनागरीत लिहिल्या आहेत. टाकताना त्या रोमन लहान लिपीत टाकायच्या. 'एलएसपीसीआय' लिहिलं असेल तर एल, एस, पी, सी, आय ही पाच अक्षरं सलग. अभ्यासिकेच्या भिंतीवरही असाच कागद लावला आहे आणि पोरांना तो जमतो.

वायफाय जातं कधी?

पहिल्या तीन वेळा मी चूक केली. वायफाय गेलं की ड्रायव्हर (कार्ड चालवणारी प्रणाली) पुन्हा टाकायचा, चालू झालं की विसरून जायचं. चौथ्या वेळी एक वही केली. तारीख, शेवटचं कधी चाललं, आणि मधल्या वेळात मशीनवर काय झालं. पोरांना सांगितलं की कोणी काही केलं म्हणून मी रागावणार नाही, पण जे केलं ते लिहा. आधीच्या तीन वेळांचं त्यांना आठवलं तेही लिहून घेतलं. "काहीच नाई केलं म्या, फक्त अपडेटवर दाबलं," हे एका पोराचं वाक्य वहीत जसंच्या तसं आहे, आणि अर्धं निदान त्याच वाक्यात होतं.

सात नोंदींपैकी चार अपडेटनंतर पहिल्यांदा रीबूट झाल्यावरच्या. एक अपडेट चालू असताना लाईन गेल्याची. एक लॅपटॉप पिशवीत घालून नेल्यानंतरची. आणि एक नव्या फोनवरून हॉटस्पॉट लावल्याची. पोरांना सगळ्या वेळी एकच दिसलं होतं, वायफाय गेलं. पण कारणं चार होती आणि चारही वेगळी. तुमच्याकडेही अडचण पुन्हापुन्हा येत असेल तर ड्रायव्हर शोधायच्या आधी ही वही करा. "काय बिघडलं" यापेक्षा "कशानंतर बिघडलं" हे सांगणं पोरांना सोपं जातं.

आधी कार्ड ओळखा

लॅपटॉपच्या पाठीवरचं कंपनीचं नाव इथे उपयोगाचं नाही. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपांत दोन वेगळी वायफाय कार्डं असू शकतात. टर्मिनल उघडा आणि टाका:

एलएसपीसीआय -एनएनके

बरीच मोठी यादी येते. त्यात 'नेटवर्क कंट्रोलर' असं लिहिलेली ओळ शोधा. त्या ओळीच्या शेवटी चौकटी कंसात दोन तुकड्यांचा क्रमांक असतो. आमचा होता १४ई४:४३१५. पहिला तुकडा चिप बनवणाऱ्याचा, १४ई४ म्हणजे ब्रॉडकॉम. दुसरा चिपचा, ४३१५ म्हणजे बीसीएम ४३१२. चिपचं नाव आणि क्रमांक जुळत नाहीत, गोंधळू नका. शोध घेताना क्रमांकच वापरा, नावापेक्षा तो खात्रीचा.

त्याच्या खाली 'कर्नल ड्रायव्हर इन यूज' अशी ओळ आहे का पाहा. ती असेल तर ड्रायव्हर लागलेला आहे, अडचण दुसरीकडे. ती नसेल तर ड्रायव्हर लागलेलाच नाही. अभ्यासिकेतल्या पोरांना मी हीच एक ओळ पाहायला शिकवली आहे. वायफाय बाहेरून लावलेल्या डोंगलचं असेल तर ते या यादीत येणार नाही, त्यासाठी एलएसयूएसबी.

अपडेटनंतर का जातं

आमच्या चार नोंदींचं मूळ इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते.

लिनक्सच्या मध्यभागी कर्नल असतो, मशीनचे सगळे भाग चालवणारा गाभा. बहुतेक ड्रायव्हर कर्नलसोबतच येतात, कर्नल बदलला की तेही बरोबर बदलतात. काही ड्रायव्हर मात्र कर्नलच्या बाहेर राहतात. ब्रॉडकॉमचा 'डब्ल्यूएल' नावाचा ड्रायव्हर असाच आहे. त्याची मूळ कंपनीकडून आलेली शेवटची आवृत्ती ६.३०.२२३.२७१, ती २०१५ मधली. कर्नल त्यानंतर कितीतरी बदलला. डेबियन, उबुंटूची माणसं त्या जुन्या ड्रायव्हरला ठिगळं लावून नव्या कर्नलवर चालता ठेवतात. त्यातला बंद भाग तसाच राहतो, पण त्याला कर्नलशी जोडणारा भाग प्रत्येक कर्नलसाठी तुमच्या मशीनवर नव्याने बांधावा लागतो. हे काम डीकेएमएस नावाची व्यवस्था आपोआप करते.

आमच्या गावातल्या शिंपीदादाचं उदाहरण मी पोरांना देते. कर्नल म्हणजे अंग, ड्रायव्हर म्हणजे अंगावर शिवलेला सदरा, डीकेएमएस म्हणजे शिंपी. पोरगं वाढलं की सदरा नवा शिवावा लागतो. शिंपी तयार आहे, कापड आहे, पण नवी मापंच दिली नाहीत तर तो काय शिवणार? ही मापं म्हणजे कर्नलचे हेडर्स. हेडर्सचं पॅकेज वेगळं असतं आणि ते प्रत्येक कर्नलचं निराळं असतं.

चूक माझ्याकडून कुठे झाली ते ऐका, कारण ती अनेकांकडून होते. ड्रायव्हर टाकताना मी लिनक्स-हेडर्सच्या पुढे युनेम -आर या आज्ञेचं उत्तर (चालू कर्नलचा क्रमांक) जोडून पॅकेज टाकलं होतं. बऱ्याच ठिकाणी हाच मार्ग सांगितलेला असतो. याने होतं काय, तर आज चालू असलेल्या कर्नलचे हेडर्स येतात. आजच्यापुरतं सगळं ठीक. पुढच्या अपडेटमध्ये नवा कर्नल येतो, त्याचे हेडर्स मात्र येत नाहीत, कारण ते मी कधी मागितलेच नव्हते. डीकेएमएसला मापं मिळत नाहीत, तो थांबतो. अपडेट होताना पडद्यावर तसं लिहून येतं, पण इतक्या ओळींत ती एक ओळ कोण वाचतो? दुसऱ्या दिवशी लॅपटॉप नव्या कर्नलवर सुरू होतो आणि वायफाय गायब.

उपाय एका पॅकेजचा आहे. डेबियनवर लिनक्स-हेडर्स-एएमडी६४, उबुंटू किंवा मिंटवर साधारणपणे लिनक्स-हेडर्स-जेनेरिक. या पॅकेजमध्ये स्वतःचं काही नसतं. ते फक्त एवढंच सांगतं की नवा कर्नल आला की त्याचे हेडर्सही आणा.

नेट नसताना हे कसं करायचं

वायफाय गेलंय, आणि वायफाय आणण्यासाठी नेट लागतं. इथे बहुतेक जण अडतात आणि लॅपटॉप तालुक्याला घेऊन जातात. त्याची गरज नाही.

पहिली गोष्ट करा ती विनानेटची. लॅपटॉप रीबूट करा आणि ग्रबचा (सुरू होताना कर्नल निवडायचा) मेनू आला की 'ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स' निवडा. मेनू दिसतच नसेल तर सुरू होताना शिफ्ट किंवा एस्केप दाबून पाहा. तिथे एकापेक्षा जास्त कर्नल दिसतील. क्रमांक पाहून जुना निवडा, 'रिकव्हरी मोड' लिहिलेली ओळ सोडून. त्यावर वायफाय आलं तर निदान पक्कं झालं: कार्ड चांगलं आहे, नव्या कर्नलसाठी ड्रायव्हर बांधला गेलेला नाही. शिवाय तुमच्याकडे नेटही आलं. फॉर्मची तारीख आजची असेल तर आधी फॉर्म भरून घ्या, दुरुस्ती नंतर.

जुना कर्नल काढून टाकला असेल तर फोन आणि यूएसबी केबल. फोनमध्ये मोबाइल डेटा चालू करा, केबलने लॅपटॉपला जोडा आणि फोनच्या सेटिंगमध्ये 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लिनक्सला तो फोन तारेच्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो, वायफायच्या ड्रायव्हरचा इथे संबंधच येत नाही. एक अडचण मात्र हमखास येते. स्वस्तातल्या काही केबली फक्त चार्जिंगच्या असतात, त्यांच्यात डेटाच्या तारा नसतात. टेदरिंगचं बटण फिकट दिसत असेल, दाबलं जात नसेल, तर फोनला दोष देण्याआधी केबल बदला. आमच्याकडे एक डेटा केबल लाल दोरा बांधून कपाटात वेगळी ठेवली आहे आणि ती चार्जिंगला द्यायची नाही असा नियम आहे.

नेट आलं की क्रम असा (सुडो म्हणजे मशीनच्या मालकाच्या हक्काने चालव, ॲप्ट म्हणजे पॅकेजं आणणारी आज्ञा):

सुडो ॲप्ट अपडेट
सुडो ॲप्ट इन्स्टॉल लिनक्स-हेडर्स-एएमडी६४
सुडो ॲप्ट इन्स्टॉल ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस
सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल

जुन्या कर्नलवर बसून हे करत असाल तर शेवटची आज्ञा त्या जुन्या कर्नलसाठीच चालेल. म्हणून नव्या कर्नलवर रीबूट करून फोनच्या केबलवर ती पुन्हा एकदा चालवा.

ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस (हेच डब्ल्यूएल ड्रायव्हरचं पॅकेज) सापडतच नाही असं उत्तर आलं तर हे पाहा. डेबियन १२ जून २०२३ मध्ये आलं तेव्हापासून फर्मवेअरचा (चिपमध्ये भरायच्या प्रणालीचा) 'नॉन-फ्री-फर्मवेअर' हा विभाग इन्स्टॉलरमध्येच मिळतो, त्यामुळे इंटेल, रिअलटेकच्या बऱ्याच कार्डांचं काम पहिल्या दिवशीच होतं. पण हा ब्रॉडकॉमचा ड्रायव्हर त्या विभागात नाही. तो साध्या 'नॉन-फ्री' विभागात आहे आणि तो विभाग आपण स्वतः चालू करावा लागतो. ॲप्टच्या सोर्सेस फाइलमध्ये 'मेन' आणि 'नॉन-फ्री-फर्मवेअर' जिथे लिहिलं आहे त्याच ओळींत 'कॉन्ट्रिब' आणि 'नॉन-फ्री' हे शब्द जोडा, मग पुन्हा ॲप्ट अपडेट.

ॲटम प्रोसेसरवर ड्रायव्हर बांधायला वेळ लागतो. पडदा अडकल्यासारखा वाटला तरी थांबा, मशीन बंद करू नका.

आता खात्री. टाका: सुडो डीकेएमएस स्टेटस. उत्तरात ड्रायव्हरचं नाव, मग कर्नलचा क्रमांक आणि शेवटी 'इन्स्टॉल्ड' दिसायला हवं. तो क्रमांक सगळ्यात नव्या कर्नलचा आहे ना, हे डोळ्यांनी पाहा. डब्ल्यूएल होता तोवर आमच्याकडे अपडेटनंतर रीबूट करण्याआधी हीच आज्ञा चालवायचे. नवा क्रमांक दिसला नाही तर लॅपटॉप तसाच चालू ठेवून मला बोलवायचे, कारण तोवर जुना कर्नल चालू असतो आणि नेटही असतं. जुना कर्नलही लगेच काढायचा नाही. नव्यावर वायफाय चाललेलं पाहिलं, मगच.

हेडर्स असूनही बांधणी फसली तर डीकेएमएस तुम्हाला 'मेक डॉट लॉग' या फाइलचा पत्ता देतो. ती उघडून शेवटच्या ओळींआधी जिथे पहिल्यांदा 'एरर' दिसतं ती ओळ वाचा. बहुतेक वेळा कारण असं निघतं की कोणीतरी बॅकपोर्ट्समधून (जुन्या डेबियनसाठी नवी पॅकेजं देणाऱ्या विभागातून) फार नवा कर्नल आणला आणि ठिगळ लावलेला ड्रायव्हर तिथवर पोचलेला नाही. अशा जुन्या मशीनला डेबियन १२ सोबतचा ६.१ मालिकेचा कर्नल पुरतो. नव्याचा मोह नको.

लाईन गेली तर

पाचवी नोंद. या लॅपटॉपची बॅटरी केव्हाच गेलेली आहे, तो चार्जरवरच चालतो. अपडेट चालू असताना लाईन गेली आणि मशीन जागीच बंद पडलं. पुन्हा सुरू केलं तर वायफाय नाही, आणि ॲप्टही काही करू देईना. पॅकेजं अर्धवट बसलेली होती. यावर:

सुडो डीपीकेजी --कॉन्फिगर -ए
सुडो ॲप्ट --फिक्स-ब्रोकन इन्स्टॉल
सुडो डीकेएमएस ऑटोइन्स्टॉल

पहिली आज्ञा अर्धवट राहिलेलं पूर्ण करते, दुसरी राहिलेलं ओढून आणते. आमचं एवढ्यावर निभावलं. तेव्हापासून आपोआप अपडेट बंद केलं आहे. महिन्यातून दोनदा, लाईन भरवशाची असते अशा वेळी, मी स्वतः बसून करते. सुरक्षेची अपडेटं लांबवणं मला पटत नाही, पण मध्येच बंद पडणाऱ्या मशीनवर अपडेट नजरेसमोरच झालेलं बरं.

याच मेलेल्या बॅटरीचा दुसराही त्रास आहे, आणि तो वायफायचा म्हणून सांगितला जातो. वायफाय जोडलेलं दिसतं, पण एकही साइट उघडत नाही, ब्राउझर सुरक्षेची तक्रार करतो. आधी तारीख पाहा. मदरबोर्डवरचा छोटा सेल संपला असेल तर चार्जर काढताच घड्याळ काही वर्षं मागे जातं. साइटचं प्रमाणपत्र त्या तारखेला अजून लागूच झालेलं नसतं, म्हणून ब्राउझर नकार देतो, ॲप्टसुद्धा नकार देतो. तारीख दुरुस्त केली की सगळं उघडतं. कायमचा उपाय म्हणजे तो सेल बदलणं. बहुतेक ठिकाणी सीआर २०३२ असतो, घड्याळाच्या दुकानात मिळतो. काही छोट्या लॅपटॉपांत सेलला वायर आणि जोड असतो, तेव्हा उघडून पाहूनच आणा.

बटण आणि फोन

पिशवीतून नेल्यानंतरची नोंद पाच मिनिटांत सुटली. या लॅपटॉपच्या पुढच्या कडेला सरकतं बटण आहे, ते पिशवीत सरकलं होतं. टाका: सुडो आरएफकिल लिस्ट. 'हार्ड ब्लॉक्ड' पुढे 'येस' असेल तर बटण किंवा कीबोर्डवरची अँटेनाच्या चित्राची कळ. तिथे आज्ञेने काही होत नाही, हातानेच सरकवावं लागतं. 'सॉफ्ट ब्लॉक्ड' पुढे 'येस' असेल तर सुडो आरएफकिल अनब्लॉक वायफाय. ड्रायव्हर काढण्या-घालण्याच्या आधी हे पाहिलं तर एक संध्याकाळ वाचते.

नव्या फोनची नोंद मात्र मला शिकवून गेली. एका पोरीच्या भावाने पुण्याहून फोन आणला होता. त्याचा हॉटस्पॉट सगळ्यांच्या मोबाइलवर दिसायचा, लॅपटॉपवर मात्र दिसायचाच नाही. "लॅपटॉपच जुना झाला ताई," असं सगळ्यांनी ठरवूनही टाकलं होतं. जुना आहे हे खरं, पण बिघाड नव्हता. आमचं बीसीएम ४३१२ कार्ड फक्त २.४ गिगाहर्ट्झवर चालतं, आणि त्या फोनने हॉटस्पॉट ५ गिगाहर्ट्झवर लावला होता. फोनच्या हॉटस्पॉट सेटिंगमध्ये बँड २.४ केला आणि नाव दिसू लागलं. पण जोडणी होईना, पासवर्ड बरोबर असून चुकीचा सांगे. तिथे सुरक्षा डब्ल्यूपीए३ निवडलेली होती आणि जुन्या ड्रायव्हरला ती कळत नाही. ती डब्ल्यूपीए२ केल्यावर लगेच जोडलं गेलं. शेवटचं म्हणजे बरेच फोन थोडा वेळ कोणी जोडलेलं नसेल तर हॉटस्पॉट आपणहून बंद करतात. लॅपटॉप झोपला की फोनही हॉटस्पॉट मिटतो, आणि जागं झाल्यावर "वायफाय गेलं". ही सोय सेटिंगमध्ये बंद करता येते.

त्याहून चांगला मार्ग, चिप परवानगी देत असेल तर

हेडर्सचं पॅकेज टाकल्यावर अपडेटनंतरची तक्रार थांबली. तरी २०१५ नंतर मूळ कंपनीने न हलवलेल्या ड्रायव्हरवर मशीन ठेवणं मला बरं वाटत नव्हतं. २०१९ मध्ये याच डब्ल्यूएल ड्रायव्हरमधल्या सुरक्षेच्या दोन गंभीर त्रुटी जाहीर झाल्या, त्यांचे नोंद क्रमांक सीव्हीई-२०१९-९५०१ आणि ९५०२. इथली पोरं या लॅपटॉपवर आधार क्रमांक टाकतात, परीक्षेची फी भरतात.

बीसीएम ४३१२ साठी कर्नलमध्येच एक मुक्त ड्रायव्हर आहे, बी४३. स्वयंसेवकांनी चिप कशी वागते याचा अभ्यास करून तो लिहिला. कर्नलसोबतच येत असल्याने अपडेटनंतर काही बांधावं लागत नाही. फक्त चिपमध्ये भरायचं फर्मवेअर वेगळं आणावं लागतं, तेही एकदाच. फर्मवेअर नसेल तर सुडो डीमेसेजच्या उत्तरात (कर्नलच्या संदेशांत) बी४३ च्या 'युकोड१५' फाइलचं नाव आणि 'एरर -२' दिसतो. उणे दोनचा अर्थ एवढाच की फाइल सापडली नाही. कार्ड खराब झालेलं नाही.

फोन केबलने जोडून, 'कॉन्ट्रिब' विभाग चालू ठेवून:

सुडो ॲप्ट पर्ज ब्रॉडकॉम-एसटीए-डीकेएमएस
सुडो ॲप्ट इन्स्टॉल फर्मवेअर-बी४३-इन्स्टॉलर

मग रीबूट. पहिली आज्ञा चुकवू नका. डब्ल्यूएलचं पॅकेज बी४३ ला काळ्या यादीत टाकून ठेवतं, ते पूर्ण काढलं नाही तर बी४३ उठणारच नाही. दुसरं पॅकेज फर्मवेअर नेटवरून उतरवून घेतं, म्हणून त्या वेळी नेट हवंच. बसलं की /लिब/फर्मवेअर मधला बी४३ हा फोल्डर पेनड्राइव्हवर काढून ठेवा. उद्या लॅपटॉपवर नव्याने सिस्टम टाकावी लागली तर तो फोल्डर जागेवर ठेवला की झालं, नेट लागत नाही.

आम्ही दिवाळीनंतर हे केलं. वेग थोडा कमी झाला आणि शेवटच्या बाकावर सिग्नल पूर्वीइतका येत नाही, हे सांगायला हवं. फॉर्म, प्रवेशपत्र, जुन्या प्रश्नपत्रिका यांना तो पुरतो. व्हिडिओ पाहणं मुख्य काम असेल तर कदाचित तुम्ही डब्ल्यूएलच ठेवाल. आणि कार्डाचा क्रमांक १४ई४:४३६५, म्हणजे बीसीएम ४३१४२ असेल, तर हा मार्गच नाही. ती चिप बी४३ ला चालत नाही, तिथे डब्ल्यूएल आणि हेडर्स हेच.

तिसरा पर्याय कार्डच बदलण्याचा. अथेरॉसच्या एआर९२८५ सारख्या कार्डांचा एटीएच९के ड्रायव्हर २००८ पासून कर्नलमध्ये आहे आणि त्याला वेगळं फर्मवेअरही लागत नाही. भंगारातल्या लॅपटॉपात असं कार्ड सापडलं तर ठेवून द्या. बदलण्याआधी एवढं पाहा की काही लॅपटॉपांचा बायोस (मशीन सुरू करणारी मूळ प्रणाली) ओळखीचं नसलेलं कार्ड स्वीकारत नाही, सुरूच होत नाही. तेव्हा जुनं कार्ड फेकू नका.

दुसऱ्यांच्या लॅपटॉपवर पाहिलेलं

पोरं आता घरचे लॅपटॉपही घेऊन येतात. सगळं इथे मावणार नाही, दोनच सांगते.

एकीच्या लॅपटॉपला फोन शेजारी ठेवला तरच सिग्नल मिळे, दोन हात दूर नेला की जाई. कार्ड रिअलटेकचं आरटीएल८७२३बीई, क्रमांक १०ईसी:बी७२३. या कार्डाला दोन अँटेनांच्या जागा असतात, आणि बनवणाऱ्याने एकच तार जोडलेली असेल तर ड्रायव्हर कधी कधी रिकाम्या जागेवर ऐकत बसतो. /ईटीसी/मॉडप्रोब डॉट डी या फोल्डरमध्ये, नावाच्या शेवटी 'डॉट कॉन्फ' असलेली एक फाइल करून तिच्यात एकच ओळ लिहायची: ऑप्शन्स आरटीएल८७२३बीई एएनटी-एसईएल=१. या नावात एएनटी आणि एसईएलच्या मध्ये आडवी रेघ नाही, खालची रेघ येते. रीबूट करून पाहा, फरक नसेल तर १ च्या जागी २. तिचं २ वर जमलं. ती ओसरीत बसून नेट वापरते आता. मात्र रॅम टाकायला लॅपटॉप कुणी उघडला होता आणि त्यानंतर सिग्नल गेला असेल, तर आधी अँटेनाची तार कार्डावरून निसटली नाही ना ते पाहा.

दुसरा लॅपटॉप त्यामानाने नवा होता. ड्रायव्हर बांधला गेला, डीकेएमएस 'इन्स्टॉल्ड' म्हणतो, पण सुडो मॉडप्रोब (ड्रायव्हर कर्नलमध्ये घ्यायची आज्ञा) केलं की 'की वॉज रिजेक्टेड' असं उत्तर. हे सिक्युअर बूटचं काम. आपण बांधलेल्या ड्रायव्हरवर मशीनच्या ओळखीची सही नसते, म्हणून कर्नल तो आत घेत नाही. मॉकयुटिल --एसबी-स्टेट टाकून सिक्युअर बूट चालू आहे का ते कळतं. एक तर बायोसमध्ये ते बंद करा, नाही तर मॉकयुटिलने आपली चावी नोंदवा. नोंदवताना रीबूटनंतर निळा पडदा येतो आणि पासवर्ड विचारतो. तो पडदा बघून घाबरून पुढे गेलात तर नोंदणी राहून जाते.

ॲटम एन२७० सारखे ३२ बिटचे लॅपटॉप असलेल्यांसाठी एक सूचना. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिट इंटेल मशीनसाठी इन्स्टॉलर आणि कर्नल नाही. तुमचं मशीन डेबियन १२ वरच राहू द्या. हेडर्सचं पॅकेजही एएमडी६४ नाही, ६८६ किंवा ६८६-पीएई निवडायचं, युनेम -आर च्या उत्तरात शेवटी जे असेल ते.

एवढं करूनही अडलं तर मदत मागताना चार फोटो काढून द्या: एलएसपीसीआय -एनएनके च्या उत्तरातला नेटवर्क कंट्रोलरचा भाग, आरएफकिल लिस्ट, युनेम -आर, आणि डीकेएमएस स्टेटस. सोबत वहीतली शेवटची ओळ, कशानंतर गेलं ती.